दुसरा जामीनदार

कारखान्यातून घरी आलेल्या कुंडलिकने लिफाफा उभ्या उभ्या फोडला आणि ओट्यावर बसकण मारली. पतसंस्थेची नोटीस. सुनिलने डीजेच्या कर्जाचे सहा हप्ते थकवले होते, तेव्हा जामीनदार म्हणून एक लाख ऐंशी हजार आता याने भरायचे.

सुनिल त्याचा सख्खा भाचा. मामाने भाच्याला नाही म्हणायचे, हे सापगावात अजून कोणाला जमले नव्हते. चहाच्या टपरीवर सुनिल कोरा फॉर्म पुढे करून म्हणाला, "मामा, नुसती सही करा, बाकी मी भरतो." मामाने केली. खरी पंचाईत निराळीच होती. मागे एका मित्राच्या रिक्षाच्या कर्जापायी कुंडलिकचा पगार कापला गेला, तेव्हा हिराबाईने नवऱ्याला भाताच्या कणगीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, पुन्हा कोणाला जामीन राहायचे नाही. कुंडलिकला नोटिशीपेक्षा त्या कणगीची भीती जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने शहापूर गाठले. वकीलबाई प्रियांका यांनी पाचशे रुपये घेऊन त्याला हादरवले. पतसंस्था सुनिलला सोडून सरळ त्याच्याकडे येऊ शकत होती. पैसे भरल्यावर त्याने सुनिलवर दावा लावायचा. तारण असलेला डीजेही मग त्याचाच.

"डीजे घेऊन मी काय करू, बाय?"

वकीलबाईंनी नोटीस पुन्हा पाहिली आणि उगीचच खोकल्या. "तुम्ही जामीनदार क्रमांक एक. म्हणजे दुसराही आहे. निम्मा भार त्याचा, हक्काने मागा."

कुंडलिकचा जीव भांड्यात पडला. सुनिलच्या नादी लागलेल्या त्या दुसऱ्या मूर्खाला तो घरी येईपर्यंत मनातल्या मनात हसत होता.

हिराबाई पाण्याला गेली होती. त्याने नोटीस लपवायला कणगीत कोपरापर्यंत हात घातला. हाताला कागद लागला. बाहेर काढला तर तोच शिक्का, तीच तारीख. नाव मात्र सौ. हिराबाई कुंडलिक भोईर, जामीनदार क्रमांक दोन.

दारात हंडा घेऊन हिराबाई उभी होती. तिने त्याच्या हातातले दोन्ही कागद पाहिले, हंडा खाली ठेवला आणि कणगीला धरून मटकन बसली.

"मामाला सांगू नको बोलला," ती पुटपुटली. "तुमी पन?"

कुंडलिकने मान हलवली आणि कणगीवर हात टेकला.

"मी काल शहापूरला जाऊन आले. वकीलबाय बोलली, निम्मे पैशे दुसऱ्या जामीनदाराकडून घ्यायचे."

"किती घेतले तिनं?"

"पाचशे."

दोघांचेही हात अजून कणगीवरच होते. ते लक्षात येताच दोघांनी हळूच काढून घेतले.