माझा सिक्सर, रॉयस्टनचा कॅच

या शुक्रवारी माझी बॅटिंग बघून मार्गारेटच्या डोळ्यांत पाणी येणार, असं मी अख्ख्या ऑफिसात जाहीर करून टाकलं होतं! का नाही येणार? इथे आखातातल्या पंचेचाळिशीपुढच्यांच्या टेनिस बॉल क्रिकेटची फायनल, समोर निझवा शहराची टीम आणि डॉक्टरांच्या मते माझ्या गुडघ्यांची ही शेवटचीच मॅच. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने माझी बॅटिंग एकदाही धड पाहिलेली नाही. यंदा मात्र 'शेवटपर्यंत बसते' म्हणाली होती.

आणि बसलीही. फक्त माझ्याकडे पाठ करून!

अल अमेरातच्या आमच्या मैदानाला लागूनच आठ वर्षांखालच्या पोरांचा फुटबॉल चालू होता. शेजारच्या फ्लावियाचा रॉयस्टन गोलकीपर. कसला गोलकीपर! बॉल मागे जाळ्यात जात होता आणि हा खाली बसून मातीत घर बांधत होता. तरी माझ्या बायकोच्या टाळ्या थांबेनात. माझ्यासाठी तळलेले पोटॅटो चॉप्ससुद्धा तिकडेच पोचले. एवढ्याशा पोरावर मी इतका जळेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

"मार्गारेट! मी बॅटिंगला चाललोय!"

"जा ना!" ती मान न वळवताच म्हणाली. "बिचारा रॉयस्टन रडतोय बघ!"

तो बिचारा! आणि दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून उभा असलेला मी कोण?

ठरलं. बॉल थेट तिच्या पुढ्यात टाकायचा!

"स्टॅन्ली, तिकडे नको मारूस रे!" समोरून माझा पार्टनर नंदू ओरडला. ऐकतोय कोण? मी डोळे मिटून बॅट फिरवली. बॉल मार्गारेटच्या डोक्यावरून उडाला तो सरळ गोलपाशी. रॉयस्टनने घाबरून दोन्ही हात पुढे केले आणि त्या सकाळी पहिल्यांदाच काहीतरी पकडलं!

मैदान दणाणलं. फ्लाविया रडली, मार्गारेट रडली.

"आऊट!" अंपायर प्रतापने बोट वर केलं.

"अरे, सिक्सर आहे तो!"

"पोरांच्या मैदानात बॉल गेला की आऊट. मीटिंगमध्ये हा रूल कोणी आणला होता?"

मीच. पोरांना लागू नये म्हणून!

खलास! बाकीचे भराभर आऊट झाले आणि कप निझवाला गेला. तेवढ्यात मार्गारेट माझ्याकडे धावत आली. डोळ्यांत खरोखर पाणी. मी हात पसरले.

"स्टॅन्ली, काय कॅच घेतला रे त्याने! हा मोबाईल धर, आमचा दोघांचा फोटो काढ!"

काढला. आमच्या फ्रीजवर लावलाय तो. कोपऱ्यात माझा अंगठा आलाय. फायनलचा माझा तेवढाच फोटो आहे!