आश्रुबा गुरुजींचं ‘कावून’

नळावर दोन बायांचं भांडण जुंपलं की बाकीचे लोक सोडवायला धावतात. आमचे आश्रुबा गुरुजी वही घेऊन धावतात. एकदा तर ऐन रंगात आलेल्या भांडणात हात वर करून म्हणाले, “बायांनो, जरा दमानं भांडा. मधला एक शब्द हुकला मपला.” त्या दोघी आपसातलं विसरल्या आणि दोघींनी मिळून गुरुजींनाच धारेवर धरलं. गुरुजींनी तेही लिहून घेतलं.

गुरुजी कवी आहेत आणि कादंबरीकारही. राहतात वडवणीत, माझ्या शेजारी. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे त्यांचं सगळं साहित्य मराठी वाचकांच्या आधी माझ्या डोक्यावर आदळतं. आश्रुबा हे टोपणनाव आहे, असा बाहेरच्यांचा समज. एका कविसंमेलनात एका बाईंनी ओल्या आवाजात विचारलं, “अश्रूंवरून नाव घेतलंत, एवढं काय सोसलंत हो?” गुरुजी म्हणाले, “आज्याचं नाव हाय, बाई. गावात चार आश्रुबा हायेत, चौघं बी मजेत हायेत.”

गुरुजी होण्याआधी हा माणूस बरंच काही होऊन बसला होता. एसटीत कंडक्टर होता, पण प्रवाशांच्या गप्पा ऐकताना तिकीट फाडायचं विसरायचा. मग जनावरांच्या दवाखान्यात लागला. बैलांच्या जखमा बांधायच्या, आणि पदाचं सरकारी नाव ‘व्रणोपचारक’. “त्या एका शब्दापायी तीन वर्सं लाथा खाल्ल्या,” असं ते अजून अभिमानानं सांगतात. त्यानंतर मंगल कार्यालयात माइकवरून पाहुण्यांचं स्वागत करायचं काम मिळालं. तिथं मंगलाष्टकांच्या तोंडावर त्यांनी स्वतःची दुष्काळावरची कविता सुरू केली, आणि नवरीच्या मामानं माइक काढून घेतला. शेवटी शाळेत मराठीचे मास्तर झाले. तिथं मात्र रिटायर होईपर्यंत टिकले, कारण वर्गातून उठून जायची सोय पोरांना नव्हती.

दोन कवितासंग्रह निघाले. कादंबरी मात्र बारा वर्षं चालली होती. पुण्याच्या एका प्रकाशकानं ती स्वीकारली, तेव्हा गुरुजींनी आठवडी बाजारात दिसेल त्याला पेढा दिला. शेळ्या विकायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं तोंडात पेढा टाकत विचारलं, “पोरगा का पोरगी?”

मग तपासलेली प्रत माझ्या कॉम्प्युटरवर आली आणि गुरुजी माझ्या खुर्चीत बसून वाचू लागले. दहा मिनिटांत त्यांचा चेहरा उतरला.

झालं होतं असं. आमच्याकडे ‘मपलं’ म्हणजे ‘माझं’, तसं ‘कावून’ म्हणजे ‘का’, ‘कशासाठी’. पुण्याकडे कावणं म्हणजे वैतागणं. तिथल्या तपासनिसानं आपल्या समजुतीनं शब्द सोपा करून टाकला होता. ‘कावून आलास?’चं झालं होतं ‘वैतागून आलास?’ ‘कावून हसायलीस?’चं ‘वैतागून हसायलीस?’ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अख्खं गाव वैतागलेलं! मी पोट धरून हसलो. गुरुजी हसले नाहीत.

फोन झाला. प्रकाशक माणूस सभ्य. चूक कबूल केली आणि सगळीकडे ‘का’ घालून दुसरी प्रत पाठवली. सोबत चिठ्ठी होती : सगळीकडच्या वाचकाला कळायला हवं, एवढं चालवून घ्या, नाहीतर पुस्तक काढणं जमणार नाही. मी म्हटलं, सुटलो.

पुढच्या सोमवारी गुरुजी दुकानात आले. “सुभाष, पत्र लिही. कादंबरी परत पाठवा म्हणावं.”

माझं डोकं फिरलं. बारा वर्षं टाइप कुणी केलं होतं? म्हटलं, “एका शब्दासाठी? गुरुजी, तुमचं वय काय, हट्ट काय! गावभर पेढे वाटलेत, आता लोकांना काय सांगायचं?”

“काल पालीला गेलतो,” ते म्हणाले.

दर रविवारी ते पाली गावी जातात हे मला माहीत होतं. धरणावर बसून कविता करत असतील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या दिवशी कळलं, पालीला त्यांची आक्का राहते. थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच शेळ्या राखून त्यांना वाढवलं. तिला वाचता येत नाही. लिहिलेलं प्रत्येक पान ते बारा वर्षं तिला नेऊन वाचून दाखवत होते.

“नवी प्रत वाचून दाखविली. लई मन लावून ऐकलं तिनं. मंग पदर सावरला अन् मला म्हणली, चांगलं हाय. कोन्या गावच्या लोकांचं हाय रं हे?” गुरुजी टेबलावरचं पंचिंग मशीन उगाच दाबत राहिले. “तिचंच हाय रे समदं, सुभाष. तिला मपलं वाटंना.”

मी पत्र टाइप केलं. रागही होता आणि लाजही वाटत होती.

“आता जुनी, ‘कावून’वाली प्रत काढ,” गुरुजी म्हणाले.

“किती?”

“एक. वाचणारा एक, ऐकणारी एक. लई झालं.”

पुढच्या रविवारी मीही सोबत गेलो. आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. गुरुजी वाचत गेले, आणि ती मधेमधे हुंकार देत, कधी “आस्संच झालतं” म्हणत ऐकत राहिली. मग ते पान आलं. अंबाजोगाईच्या वसतिगृहात भावाला सोडून बहीण पायी परत निघते आणि एकदाही मागं वळून बघत नाही.

गुरुजी तिथं थांबले. आयुष्यभर माइक दिसला की सुरू होणारा माणूस समोरच्या कागदाकडे नुसता बघत बसला.

आक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं विचारलं, “थांबलास कावून रं?”

मी गुरुजींच्या मांडीवरचे कागद हळूच घेतले आणि पुढची ओळ वाचायला लागलो.