पार्किंगमधून पाहिलेला हंगाम

"यंदाच्या हंगामात मी एक सेकंदसुद्धा चुकवणार नाही! लिहून ठेवा!"

चर्चच्या तळघरात, रविवारच्या कॉफीच्या टेबलावर मूठ आपटून एल्डन हॉफस्टाडनं हे जाहीर केलं. सगळ्यांच्या कपांतली कॉफी हिंदकळली. त्याच्या बायकोनं, लव्हॉननं, मान वर न करताच कागदी रुमालांची चळत पुढे सरकवली. तिला सवय होती.

"मागच्या वर्षी पण हेच म्हणालास," मर्ल म्हणाला. मर्ल म्हणजे शेजारी. सामन्यांना बसायचाही शेजारीच, एल्डनच्या डाव्या हाताला. "आणि ऐन हंगामात पित्ताशय काढायला गेलास."

"आता नाहीच आहे ना पित्ताशय! आता काय काढणार?"

यंदाची गोष्टच वेगळी होती. ब्रायर क्रीक कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉल टीम, रानहंस, आणि त्या टीममध्ये एल्डनची नात ब्रिना. आजी-आजोबांनीच तिला लहानाची मोठी केलेली. कॉलेजचं तिचं हे शेवटचं वर्ष. आधीची सगळी वर्षं ब्रिनानं बाक सांभाळला होता. बाकावर बसण्यात तिचा हात धरणारी मुलगी अख्ख्या आयोवात नसेल! कॉन्फरन्सच्या, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या साखळीतल्या, सामन्यात तिच्या नावावर एकही बास्केट नव्हता. एकही! एल्डनला तो एक बास्केट स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. बाकी कप, झेंडा, मिरवणूक वगैरे देव देईल ते.

व्हॅनला नवीन टायर घातले. थर्मास घेतला. बुडाखाली घ्यायला उशी शिवून घेतली.

हंगाम सुरू झाला.

*पहिलं क्वार्टर*

पहिल्याच सामन्यात रानहंसांची पिसं निघत होती. एल्डनचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. लव्हॉननं त्यावर पर्स ठेवली, तर पर्सही हलायला लागली. तेवढ्यात भोंग्यावरून घोषणा झाली, "निळ्या व्हॅनचे दिवे चालू राहिलेत. मालकानं कृपया..."

"तुझीच," मर्ल म्हणाला.

"माझी नाही!"

"हिरवे बूट घालून फिरणाऱ्या माणसाची, असं पण म्हणाले."

"तसं कुठे म्हणाले?"

"मी म्हणतोय. जा!"

एल्डन बाजूच्या दारानं पळाला. दिवे बंद केले, परत आला. तर दार आतून बंद! तो दार बडवत राहिला. अंगात नुसता शर्ट, बाहेर बर्फ, नाकातला शेंबूडही गोठलेला. आणि आत? आत काय आरडाओरडा! छप्पर उडेल असा! शेवटी कोणीतरी दार उघडलं, तेव्हा लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. रानहंस जिंकले होते.

दुसऱ्या सामन्यात मकाचिप्सच्या पुडीत ओतलेला तिखट खिमा त्याला बाधला. अख्खा उत्तरार्ध त्यानं संडासात काढला. रानहंस जिंकले.

तिसरा सामना दुसऱ्या गावी. तो बसला होता तोवर टीम मार खात होती. व्हॅनमधली उशी आणायला उठला आणि मागे एकच गर्जना झाली. परत आला, तर मर्ल त्याच्याकडे बघत होता. शेतकरी आजारी डुकराकडे बघतो, तसा.

*टाइम-आउट*

सामना थांबवून एक सांगायलाच हवं. इथं एक कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही, पण पाळत नाही असा माणूस नाही. टीम जिंकत असेल, तर काही म्हणजे काही बदलायचं नाही! मर्लनं पहिल्या विजयापासून मोजे धुतले नव्हते. कोचबाई प्रत्येक सामन्याला तोच पिवळा कोट घालत होत्या. साक्षात पास्टर लिंडक्विस्ट पार्किंगमध्ये त्याच खांबाला गाडी लावत, दुसऱ्या कुणाची असली तर ती निघेपर्यंत गोल गोल फिरत.

हे कळलं की पुढचं आपोआप कळेल. चला.

*अजून पहिलंच क्वार्टर*

मंगळवारी मर्ल आणि पास्टर घरी आले. हातात सफरचंदाचा पाय, म्हणजे कणकेच्या पारीत सफरचंद भरून भाजलेला तिथला गोड पदार्थ. या गावात वाईट बातमी पायशिवाय कोणी आणत नाही. पाय बघूनच एल्डनच्या मनात पाल चुकचुकली.

"कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही," पास्टर म्हणाले. "म्हणजे... कोणीतरी जावं, असं गावाचं म्हणणं आहे. बाहेर."

"एल्डन, लेका," मर्लनं घसा खाकरला, "तू पांढऱ्या पायाचा आहेस असं कोणी म्हणत नाही हं."

"मग काय म्हणताय?"

"पाय नाही रे. नजर. तुझी दृष्ट लागते त्यांना."

"माझी? माझ्या नातीच्या टीमला? पास्टर, तुम्हीसुद्धा! हे आपल्या धर्मात बसतं?"

पास्टरांनी चष्मा पुसला. "रविवारी बसत नाही. पण सामना शनिवारी आहे."

"लव्हॉन! ऐकतेस ना?"

लव्हॉन पाय कापत होती. "तुझा जाड कोट मी काढून ठेवलाय," ती म्हणाली.

*दुसरं क्वार्टर*

आणि असा एल्डन हॉफस्टाड टीमचा हंगाम पाहू लागला. व्हॅनमधून. पार्किंगमधून. भिंतीकडे बघत.

घरी बसून चालणार नव्हतं, कारण जिंकताना तो पार्किंगपर्यंत आलेला असायचा. कायदा म्हणजे कायदा! रेडिओही लावायचा नाही. एकदा त्यानं चोरून, अगदी हळू आवाजात लावला, तर समोरच्या टीमनं लागोपाठ तीन बास्केट टाकले आणि मर्ल धावत येऊन काचेवर थापा मारायला लागला, "बंद कर! आतपर्यंत कळतंय!"

एल्डन एका जागी बसणारा माणूसच नव्हे. तो पुढच्या सीटवर बसे, मग मागच्या, मग मधल्या. उतरून व्हॅनला प्रदक्षिणा घाली. काचेवरचं दव पुसे, परत साचू देई, परत पुसे. मुंग्यांच्या वारुळावर बसवलेला माणूस त्याच्यापेक्षा शांत दिसला असता.

पण कान! कान मात्र तयार होत गेले. आतली प्रत्येक गर्जना त्याला ओळखू येऊ लागली. 'हूऽऽऽ' म्हणजे लांबून टाकलेला बास्केट. 'आह्ह' म्हणजे रिंगवरून बाहेर. 'बूऽऽ' म्हणजे पंच आंधळा. एखाद्या वेळी नुसताच मर्लचा आवाज आला तर कोचबाईंनी चुकीची मुलगी उतरवली. सामना संपून लोक बाहेर आले की एल्डनच त्यांना सामना सांगे.

"तिसऱ्यात त्या उंच मुलीला काढायला नको होतं!"

"तुला कसं कळलं?"

"आणि ब्रिना?"

"बाकावर."

दर वेळी हेच. बाकावर.

गावानं मात्र त्याला काही कमी पडू दिलं नाही. दर क्वार्टरला कोणीतरी काच ठोठावून बशी आत सरकवी. चेरीचा पाय, भोपळ्याचा पाय, बटाट्याचा गरम हॉटडिश. "एल्डन, बघत नाहीस ना?" "नाही!" "देव तुझं भलं करो! खा!" फेब्रुवारी आला तोवर सीटबेल्ट त्याला पुरेना.

रानहंस जिंकतच होते.

*तिसरं क्वार्टर*

सेंट ओटमर कॉलेज म्हणजे कट्टर वैरी. त्यांच्या गावच्या पार्किंगमध्ये एल्डन मुकाट बसला होता. काचेवर टॉर्चचा उजेड पडला. कॉलेजचा पहारेकरी होता, नेमप्लेटवर 'व्हर्डेल'.

"काय करताय, साहेब?"

"काही नाही. सामना."

"सामना आत आहे."

"माहितीये."

"मग?"

आता गप्प बसायचं ना! पण माणूस इतके दिवस एकटाच बसलेला. एल्डननं सगळं सांगितलं. दिवे, खिमा, उशी, दृष्ट. व्हर्डेल ऐकत गेला आणि त्याच्या चेहऱ्यावर दिवाळी उजळत गेली.

"अरेरे! एवढ्या थंडीत? ज्येष्ठ माणूस? छे छे, आमच्या गावाचं नाक कापलं जाईल! चला आत. पुढच्या रांगेत बसवतो."

"नको!"

"गरम कोको देतो."

"नको म्हणतो ना!"

"वर मलई!"

त्यानं दार उघडलं. एल्डननं स्टिअरिंगला मिठी मारली. बाजारला न्यायच्या बोकडासारखे त्यानं पाय रोवले, आणि व्हर्डेल अत्यंत अदबीनं त्याचा एक हिरवा बूट ओढत राहिला. "लाजू नका, साहेब! आपलंच घर समजा!" शेवटी बूट व्हर्डेलच्या हातात आला आणि एल्डननं दार लावून घेतलं.

बूट नंतर व्हर्डेलनं व्हॅनच्या टपावर नीट ठेवून दिला. वैरी असला तरी आयोवाचा माणूस.

रानहंस एका गुणानं जिंकले.

*चौथं क्वार्टर*

शेवटचा सामना घरी. समोर पुन्हा सेंट ओटमर. जो जिंकेल त्याचा कॉन्फरन्सचा कप. आणि तीच सीनियर नाइट! शेवटच्या वर्षाच्या मुली सामन्याआधी घरच्यांचा हात धरून मैदानाच्या मधोमध येतात, फुलं देतात, लोक उभे राहतात.

ब्रिना स्वयंपाकघरात उभी राहिली. "आजोबा, तू माझ्याबरोबर चालायचंस."

"बाळा, गाव मला फाडून खाईल."

"तू नाहीस तर मीही नाही. घरीच बसते. बसायची सवय आहे मला."

एल्डननं तोंड फिरवलं. लव्हॉननं फोन उचलला. अर्ध्या तासात मर्ल आणि पास्टर हजर, आणि बरोबर पाय नव्हता. म्हणजे बाब खरोखर गंभीर!

तोडगा निघाला तो फ्लूमुळे. फ्लूनं अर्धी टीम झोपवली होती आणि दर सामन्याला टीमची निशाणी म्हणून हंसाचं सोंग घालून नाचणारी मुलगीही. सोंग रिकामं होतं.

"एल्डन जाणार नाही," मर्ल म्हणाला. "हंस जाईल."

"पण हंसातून एल्डनच बघणार ना?" पास्टर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "डोकं उलटं घातलं तर? डोळ्यांची भोकं मागे! दृष्टच नाही, तर दृष्ट लागणार कशी?"

धर्मशास्त्राचा याहून सोपा निकाल त्या चर्चमध्ये कधी लागला नसेल.

तर संध्याकाळी ब्रिनाचा हात धरून एक प्रचंड पांढरा हंस मैदानात आला. चोच पाठीकडे. पायात हिरवे बूट. आत काळोख, आणि जुन्या घामाचा असा वास की एल्डनला पित्ताशयाची आठवण झाली. लोक उभे राहिले. ब्रिनानं त्याच्या पंखात फुलं खोचली आणि उलट्या डोक्याला ओठ लावून म्हणाली, "थँक यू, आजोबा."

आता ठरल्याप्रमाणे हंसानं डावीकडच्या दारानं पार्किंगमध्ये जायचं. पण कुठली डावी? डोक्याची की धडाची? हंस गेला तो थेट भिंतीवर आपटला. वळायला लागला, तोच सामना सुरू झाला आणि रानहंसांनी पहिला बास्केट टाकला!

"हलू नको!" मर्ल किंचाळला. "हंसाला हलू देऊ नका! तिथंच उभा राहू दे!"

संपलं. एल्डन भिंतीला नाक लावून उभा. शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मागे सामना चालू, आणि पाठीवरची चोच मैदानाकडे, त्यामुळे लोकांना वाटे, हंस किती मन लावून बघतोय!

व्हर्डेलही आला होता, सुट्टी टाकून. पार्किंगमध्ये कोकोचा पेला घेऊन तो निळ्या व्हॅनपाशी गेला. व्हॅन रिकामी! आत येऊन शोधत राहिला आणि चौथ्या क्वार्टरला त्याला ते हिरवे बूट दिसले.

"साहेब! फार उकडत असेल! डोकं काढू का जरा?"

एल्डननं दोन्ही पंखांनी डोकं घट्ट धरलं. व्हर्डेलनं चोच धरली. ओढाताण सुरू झाली. तेवढ्यात मधे एक बशी आली.

"आंबट चेरीचा पाय आहे," लव्हॉन म्हणाली. "घरचा. खाणार नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल."

व्हर्डेलनं चोच सोडली. काय करणार! हातात बशी घेतल्यावर माणूस संपतो.

शेवटचे काही सेकंद उरले होते आणि गुण बरोबरीत होते. पाच फाउल होऊन रानहंसांची एक मुलगी बाहेर गेली होती. आता आणखी एक गेली. फ्लूनं रिकाम्या केलेल्या बाकाकडे कोचबाईंनी पाहिलं. बाकावर एकच मुलगी होती.

एल्डनला फक्त मर्लचा एकट्याचा आवाज ऐकू आला, "अरे देवा!" आणि तो समजला. ब्रिना उतरली.

त्याचा गुडघा हलू लागला. मग दुसरा. अख्खा हंस थरथरू लागला. वळावं? एकदाच, डोकं काढून? आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते पाठीमागे, हाताच्या अंतरावर. गाव काय म्हणायचं ते म्हणो! त्यानं पंख वर नेले, डोकं धरलं...

आणि खाली सोडले. तिच्या हातात चेंडू असेल आणि माझीच दृष्ट लागली तर?

बुटांचा चीं-चीं आवाज. चेंडूची थाप, थाप. मग काहीच नाही. अख्ख्या सभागृहात एक क्षण चिडीचूप, जणू सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. आणि मग अशी गर्जना, की भिंत एल्डनच्या नाकाला येऊन लागली!

हंस भिंतीकडे तोंड करून नाचायला लागला.

*सामना संपल्यावर*

"तू टाकलास! बास्केट तूच टाकलास!" घामानं निथळणारा एल्डन ओरडत होता. डोकं काढलेलं, केस कोंबडीच्या पिलासारखे.

ब्रिना बघतच राहिली. "तुला कसं कळलं? तू तर भिंतीकडे..."

"बाकीच्या मुलींनी टाकला की लोक लगेच ओरडतात. या वेळी आधी सगळे गप्प झाले. कुणाचा विश्वासच बसला नाही! म्हटलं, ही आपलीच!"

ब्रिना हसता हसता रडली आणि त्या कुबट पिसांना तिनं घट्ट मिठी मारली. कप मिळाला. मर्ल मोजे काढून नाचला, तशी त्याच्याभोवतीची गर्दी पांगली.

"आता काय," एल्डन म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मोठी स्पर्धा! ब्रिना खेळणार! आणि दृष्ट-बिष्ट सगळं खोटं ठरलं, मी आत असताना जिंकले! आता पहिल्या रांगेत बसून, डोळे फाडून..."

तो थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मर्ल, पास्टर, पिवळ्या कोटातल्या कोचबाई. अगदी लव्हॉनसुद्धा. पास्टरांच्या हातात पाय होता.

कोचबाईंनी जमिनीवरचं हंसाचं डोकं उचललं, झटकलं आणि अदबीनं त्याच्यापुढे धरलं.

"उलटंच घालायचं हं, एल्डन," त्या म्हणाल्या.

"आणि धुवायचं नाही," मर्ल म्हणाला.