दोन मीटरचा एकांत

"कुंपणाची परवानगी ना? पंधरा दिवसांत तुझ्या हातात देतो!" शिरीष टेंबे बायकोला म्हणाला. "अगं, पुण्यात गॅलरीला ग्रिल लावायची सोसायटीची परवानगी मिळवलेला माणूस आहे मी. त्यापुढे हा नेदरलँड्स म्हणजे किस झाड की पत्ती!"

मृदुलाने चहाचं आधण ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की नवऱ्याच्या 'हातात देतो'चा खरा अर्थ बायकोला आपोआप कळतो.

त्यांनी तिथल्या कापेल गावात घर घेतलं ते कोपऱ्यावरचं. "तीन बाजूंनी उजेड!" असं शिरीषने पुण्याला फोन करकरून एकूण एक नातेवाइकाला ऐकवलं होतं. तीन बाजूंनी उजेड होताच. पण दोन बाजूंनी माणसंही होती, हे सामान लावून झाल्यावर लक्षात आलं. बागेला खेटून जाणारी पायवाट एका टोकाला कालव्याकडे जायची आणि दुसऱ्या टोकाला सुपरमार्केटकडे. त्यामुळे कुत्रं फिरवणारा, दूध आणणारा, पोरं सायकलवर घालून नेणारा, जो तो यांच्या बागेवरूनच जायचा. आणि डच माणूस नुसता जात नाही, तो "हॉय!" म्हणतो. त्याने हॉय म्हटलं की आपणही म्हणायचं. मग तो हवेबद्दल एक वाक्य टाकतो. आपणही एक टाकायचं. मग तो थांबतो, आणि संपलंच!

मृदुला एका विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर काम करायची. दिवसभर कानाला हेडफोन आणि हेडफोनमध्ये संतापलेली माणसं. संध्याकाळी घरी आली की तिला एवढंच हवं असायचं: आलं घातलेला चहा, बागेतली खुर्ची, आणि अर्धा तास कुणीही तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. पण पहिला घोट घेते न घेते तोच शेजारचा बर्ट आपलं म्हातारं कुत्रं घेऊन हजर. तो गेला की समोरची यान्नेके. त्या उन्हाळ्यात मृदुलाच्या तोंडाला गरम चहा म्हणून लागला नव्हता.

"मला दागिना नको, इटलीची ट्रिप नको," ती थकून म्हणाली होती. "मला कुंपण दे."

शिरीषने त्याच आठवड्यात सेलमधून दोन मीटर उंचीच्या लाकडी फळ्या आणून सायकलींच्या खोपटात रचल्या. फळ्या आत आणि सायकली बाहेर! मग बर्टने जाता जाता हवेबद्दल बोलून झाल्यावर माहिती पुरवली, की रस्त्याच्या बाजूला एक मीटरपेक्षा उंच कुंपण घालायचं तर नगरपालिकेची खास परवानगी लागते. अर्ज करायचा, मग त्यांच्या बाई जागा बघायला येणार, आणि शेजाऱ्यांनाही आपलं मत कळवता येणार.

शेजाऱ्यांचं मत! शिरीषचे डोळे लकाकले. अर्ज पाठवून तो म्हणाला, "सोप्पं आहे. सगळ्यांना चहाला बोलावू. खाल्ल्या मिठाला माणूस जागतोच, मग तो बारामतीचा असो नाहीतर बार्नेवेल्टचा!"

"म्हणजे माणसं येऊ नयेत म्हणून माणसं बोलवायची?" मृदुलाने विचारलं.

"अगं, एकदाच!"

शनिवारी सगळी गल्ली ठरल्या ठोक्याला दारात उभी राहिली. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळालं की डबा बंद होतो, अशा संस्कारांत वाढलेली माणसं ती. त्यांच्यापुढे मृदुलाचे बटाटेवडे आले. संपले, तर आणखी आले! बर्ट बिचारा हळूच म्हणाला, "अजून एक घेतला तर चालेल का?"

"घ्या हो! संकोच कसला?" शिरीषला आता चेव चढला होता. "आपलंच घर समजा! कधीही या, फोनबिन करायची काही गरज नाही!"

त्याची बारा वर्षांची मुलगी जुई शेजारीच उभी होती. तिने ते जसंच्या तसं डचमध्ये सांगून टाकलं आणि बागेत सगळ्यांचे वडे हातातच थांबले. ज्या देशात सख्खी मुलगीसुद्धा आईकडे वेळ ठरवून येते, तिथे हे वाक्य आजवर कुणी उच्चारलंच नव्हतं. यान्नेकेच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. "हे खरंच म्हणताय तुम्ही?"

"म्हणजे काय!" शिरीष म्हणाला.

आता आपण असं दिवसातून चार वेळा म्हणतो. समोरचाही "येतो, येतो" म्हणतो आणि कधी येत नाही, म्हणून तर आपला समाज टिकून आहे. पण डच माणूस बोललेल्या शब्दाला बोललेला शब्दच समजतो. रविवारी बर्ट आला. सोमवारी बर्ट आणि यान्नेके. मंगळवारी यान्नेकेने आपली बहीण आणली, खास वड्यांसाठी.

"कुंपणाचं सांगितलंस का त्यांना?" मृदुलाने रात्रीची भांडी घासता घासता विचारलं.

"छे! खाऊ घातल्यावर लगेच काम सांगायचं? बरं दिसतं का ते?"

मग जे व्हायचं तेच झालं. अर्जाची बातमी गल्लीला नगरपालिकेकडूनच कळली. संध्याकाळी बर्ट धापा टाकत आला. "शिरीष, काय झालं? कुणी त्रास दिला का तुम्हाला? कुणाला घाबरून कुंपण घालताय?"

"नाही, तसं काही…"

"काही काळजी करू नकोस!" बर्टने त्याचा दंड घट्ट धरला. "आम्ही सगळ्यांनी विरोध कळवलाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या गल्लीत कुणी दार उघडं ठेवलं. तुझं कुंपण आम्ही होऊ देणार नाही!"

मिठाला जागले होते हो, अगदी टक्क जागे होते!

"बाबा, जस्ट टेल देम!" जुई वैतागून म्हणाली. "से की आईला रेस्ट हवीय. दे वोन्ट माइंड."

खरंच कुणी वाईट वाटून घेतलं नसतं. इथे माणसं तोंडावर सांगतात आणि दुसऱ्या दिवशी हॉय करतात. पण शिरीष पडला पुण्याचा. पाटी लिहायला सांगा, जिने उतरताना माणूस रडेल अशी लिहून देईल. तोंडाने "आता जा" म्हणायचं तर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

नगरपालिकेच्या बाई पाहणीला आल्या तेव्हा बागेत अख्खी गल्ली होती. बर्टचं कुत्रं तुळशीच्या कुंडीपाशी घोरत होतं. यान्नेकेची बहीण चिवड्यातले काजू वेचत होती. बाईंनी चारी बाजूंनी फोटो काढले आणि सरळच विचारलं, "सांगा, तुम्हाला हे कुंपण कशासाठी हवंय?"

सगळ्यांनी खाणं थांबवून शिरीषकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात मृदुला उभी होती, नुकतीच कामावरून आलेली, हातात चहाचा कप. नुसती बघत राहिली. तिचे डोळे दमून गेले होते. 'माझी बायको थकते हो, तिला अर्धा तास एकटं बसायचंय.' एवढंच म्हणायचं होतं! वाक्य घशापर्यंत आलं. तेवढ्यात बर्टने त्याच्याकडे पाहून प्रेमाने मान हलवली.

"वारा," शिरीष म्हणाला. "वारा फार येतो."

मृदुला आत गेली.

"हात्तिच्या!" अशा अर्थाचं काहीतरी बाई डचमध्ये म्हणाल्या. "मग लाकूड कशाला? झुडपांचं कुंपण लावा. त्याला परवानगीच लागत नाही. हवं तेवढं उंच वाढू द्या!"

फळ्यांना अर्थातच नकार आला. 'बाग परिसरातल्या लोकांच्या भेटीगाठींना पोषक आहे,' असंही त्यात होतं. गल्लीने आनंदाच्या भरात वर्गणी काढून झुडपांची रोपं आणली आणि शिरीषला फावड्याला हातही लावू न देता लावून टाकली. आपल्या मेंदीच्या कुंपणासारखीच, पण उंची जेमतेम गुडघ्याएवढी.

"माणसाएवढी व्हायला पाचेक वर्षं लागतील," बर्ट म्हणाला. "पण पाण्याची फिकीर करू नकोस. आम्ही रोज येऊन घालू!"

आणि येतात. वेळापत्रक केलंय त्यांनी. जो पाणी घालायला येतो तो चहाला थांबतो, कारण त्याचंच घर आहे ते.

परवा संध्याकाळी मृदुला घरी आली, आल्याचा चहा केला आणि कप घेऊन सरळ सायकलींच्या खोपटात शिरली. आतून कडी लावून ती फळ्यांच्या चळतीवर बसली असणार. शिरीषने थोडा वेळ वाट पाहिली. मग आपला कप घेऊन तो खोपटापाशी गेला आणि हलकेच टकटक केलं.

"कोण आहे?"

"मी गं."

आतून चहाचा एक लांब, गरम, तृप्त घोट ऐकू आला.

"अपॉइंटमेंट घेतली होतीस?"

"नाही…"

"मग कुंपण वाढलं की ये."

शिरीष वळला. गुडघाभर झुडपांपलीकडून बर्ट पाण्याची झारी उंचावून उभा होता.

"हॉय!"

"हॉय," शिरीष म्हणाला, आणि हवेबद्दल एक वाक्य शोधू लागला. हातातला चहा गार होत होता.