मी माझा वाटा सोडतो!

मोठं मन सगळ्यांनाच असतं असं नाही, मला आहे! टेंभुर्णीला हायवेलगतची जागा आजोबांनी मृत्युपत्रात आम्हा दोघा नातवांना ठेवली, मला आणि चुलतभाऊ बिरुदेवला. त्याला तिथं मोटारपंप दुरुस्तीचं वर्कशॉप टाकायचं होतं आणि निम्म्या जागेत ट्रॅक्टर वळत नव्हता. मी सोलापुरात नोकरीला; त्या जागेत मी काय पेरणार? भरल्या घरात जाहीर केलं, "माझा वाटा मी सोडला. फुकट!"

चुलतीनं, सारजाकाकूनं, जागच्या जागी ओवी रचली:

सोलापुरी माझा बाळ, मन त्याचं गं आभाळ
भावासाठी सोडियला, त्यानं वाट्याचा गं माळ!

तरंगतच मी बिरुदेवला घेऊन सोलापुरात कर सल्लागार इंद्रायणी मॅडमकडं आलो.

"हे तुमचे कोण?"

"भाऊ!"

"सख्खे?"

"सख्ख्याहून सख्खे!"

"म्हणजे चुलत," मॅडमनी चष्मा पुसला. "प्राप्तिकर कायदा चुलतभावाला नातेवाईक धरत नाही. फुकट मिळालेली जागा यांचं उत्पन्न ठरेल. कर यांनाच भरावा लागेल."

बिरुदेव ताडकन उठला. "नातेवाईक न्हाय? ओ मॅडम, एका ताटात जेवलोय आमी!"

"ताटाचा उल्लेख कायद्यात नाही."

"मग हाय तरी कोण?"

"सख्खी भावंडं, मुलं, काका, बायकोचा भाऊ..."

"मेव्हणा?" बिरुदेव माझ्याकडं असा वळला, जणू कायदा मीच लिहिलाय! "आसं हाय व्हय, दादा! जागा मेव्हण्याला द्यायची, आन् मला न्हाय म्हणायला बाईला आदीच पढवून ठिवलंय!"

तो तडक गावाकडं निघून गेला. घरी बायको यशोदा खुशीत. "बरं झालं! सरकारला तरी माझ्या भावाची किंमत कळली!" तेवढ्यात काकूचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट ओवी:

कायद्याच्या उंबऱ्यात, भाऊ ठरला परका
ओवाळिते बाई त्याला, ज्याला मेव्हणा लाडका!

मी पुन्हा मॅडमच्या दारात. त्यांनी वाट काढली. "यांच्या वडिलांना, म्हणजे तुमच्या काकांना, दुसरं उत्पन्न नाही ना? मग जागा त्यांच्या नावावर आली तरी करमाफीच्या मर्यादेतच राहील. तुम्ही काकांना बक्षीसपत्र करून द्या, काका मुलाला देतील. कुणालाच कर नाही."

महिपतीकाका म्हणजे बिरुदेवचे वडील. ओसरीच्या कोपऱ्यात बाजेवर पडून असायचे. घरात त्यांना कुणी काही विचारत नसे, चहासुद्धा! बक्षीसपत्राची नोंदणी झाली. बिरुदेवनं मला कडकडून मिठी मारली आणि कचेरीच्या पायरीवरच म्हणाला, "आप्पा, आता माझ्या नावावर करा."

काकांनी टोपी सारखी केली. "बघू की."

ते 'बघू की' अजून चालूच आहे! परवा समजूत घालायला गेलो. काका खुर्चीत. शेजारी नवा पंखा. पुढ्यात बिरुदेव कपबशी धरून, "आप्पा, साखर बेतानं हाय न्हवं?"

तो आत गेल्यावर काकांनी मला जवळ ओढलं. डोळे डबडबलेले. "लेकरा, लई पुण्य केलंस. इतक्या वरसांत पोरगं पैल्यांदा माझ्याजवळ बसाय लागलंय. सही काय, करायचीच हाय. मरायच्या आदी करीन की!"

बिरुदेवनं मला पाणीही विचारलं नाही. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. काकांची तब्येत फारच सुधारली आहे!