कन्या नऊ दिवस कोठेच नव्हती, त्याची हकीकत

फत्ते जाहली. कन्येचे दोन्ही कागद अमेरिकेस रवाना जाहले, विश्वविद्यालय नरमले आणि वाळवे तालुक्याची अब्रू राहिली. परंतु बखरीत फत्ते शेवटास येते ऐसा शिरस्ता आहे. सबब वरील मजकूर लिहिणाराने लिहिला नाही व वाचणाराने वाचला नाही ऐसे समजोन, अद्याप काहीच घडले नाही येथोन आरंभ करावा.

शके १९४८, पराभवनाम संवत्सरे, आषाढमास. वाळवे तालुक्यात ऊस कमरेइतका उभा असता राजश्री नाथाजीराव, फौजेतील माजी हवालदार, पाच एकरांचे धनी, ओसरीवर खुर्ची टाकोन बसले होते, आणि त्यांची कन्या चिरंजीव सृष्टी, जी दो सालांमागे संगणकविद्या शिकावयास अमेरिकेस गेली, ती सुटीस घरी आली होती. मग बुधवारी प्रातःकाळी तिच्या मोबाइलावर विश्वविद्यालयाच्या परदेशी विद्यार्थी कचेरीचा खलिता आला. त्यातील मजकूर ऐसा की, येथे शिकावयास आलेल्याने, दमडीची कमाई नसली तरी, मी येथे राहतो खरा परंतु करापुरता येथला रहिवासी नव्हे, आणि साली इतके दिवस येथे होतो, हे दरसाल सरकारी खजिन्यास लिहोन द्यावे. आपण दोन्ही साली दिले नाही. तरी शुक्रवार सायंकाळपावेतो दोन्ही कागद टपालात टाकोन पावती दाखवावी, अन्यथा परतीच्या कागदावर सही होणार नाही. सही नाही तर विमान नाही, आणि विमान नाही तर शेवटचे सत्र बुडाले.

कागद दो साले का राहिला, तर घरचे करसल्लागार राजश्री ऋषिराज यांनी फोनवरोन फर्मावले होते की, कमाई न्हाई तर कागद न्हाई. हे गृहस्थ कुपवाडास एका लेथ कारखान्याच्या माडीवर कचेरी थाटोन होते. अमेरिका त्यांनी टीव्हीवर दोन वेळा पाहिली होती, आणि तेवढ्या अनुभवावर ते सल्ला देत. आता बाप-लेक त्यांच्या दारी उभी राहिली, तेव्हा त्यांनी चूक कबूल न करिता आवाज वाढविला, आणि नवा हुकूम काढिला की, अमेरिकेचे दिवस आणि हिंदुस्थानचे दिवस मिळोन वर्षाचे तीनशे पासष्ट भरले पाहिजेत. एक दिवस जरी हुकला तरी चौकशी लागेल. कन्येने अर्ज केला की फॉर्म हिंदुस्थानचे दिवस विचारीतच नाही. तिचे वय पाहोन अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला.

इतक्यात साताऱ्याहून चुलते भाऊसो, फ्लेक्स छपाईवाले, एसटीने कुमकेस आले. यांनी मागील साली गावच्या चौकात बारा फुटी फ्लेक्स लाविला होता, त्यावर कन्येच्या फोटोखाली ‘अमेरिकेची रहिवासी झालेबद्दल हार्दिक अभिनंदन’ आणि भोवती अठ्ठावीस शुभेच्छुकांची तोंडे होती. पुतणी आता रहिवासी नव्हे ऐसे सही करोन देणार हे कळताच ते कष्टी जाहले, आणि कागदाऐवजी फ्लेक्सचा फोटोच खजिन्यास धाडावा ऐसी मसलत त्यांनी दिली. मसलत कोणी ऐकिली नाही, तरी त्यांनी चहा दोन वेळा घेतला.

मग गुरुवारी ओसरीवर मोजणी बैसली. पहिल्या साली कन्या कोणत्या दिवशी गेली हे सर्वांस पाठ होते, सबब तो कागद मोजणीवाचोन मान्य जाहला. मागील सालात अमेरिकेचे दिवस तीनशे दोन, हे कन्येने तिकिटांवरोन काढिले होते. हिंदुस्थानचे दिवस हवालदारसाहेबांनी स्वतः मोजिले आणि चोपन्न भरविले. बेरीज तीनशे छपन्न. तीन वेळा मोजिले, तीन वेळा तितुकेच. नऊ दिवस कन्या अमेरिकेत नव्हती, हिंदुस्थानात नव्हती, पृथ्वीवर तिचा ठावठिकाणा नव्हता. भाऊसोंनी मत दिले की विमान लय उंच जाते, तेथे दिवस गळत असावेत. ऋषिराजांनी फोनवरोन दुबईचा संशय घेतला, आणि संशय घेण्याची फी वेगळी असते हेही सुचविले.

येथवर हसण्यासारखे होते. परंतु मग नाथाजीरावांनी दोन्ही कागद आपल्या खिशात घातले आणि लेकीकडे पाहिले, आणि ते पाहणे बरे नव्हते.

“नऊ दिवस कुटं हुतीस?”

“आबा, मी हितंच हुते.”

त्या रात्री ती जेवली नाही, आणि बापाने खिशावरोन हात काढिला नाही. ज्याने पोरीस सातासमुद्रापार एकटी धाडिली, त्याचा विश्वास एका चुकलेल्या बेरजेने उडाला, हे बखरकारास लिहिताना लाज वाटते; त्यांस वाटल्याचे दप्तरी आढळत नाही.

शुक्रवारी दहा वाजता मातोश्री राहीबाई चुलीपुढून उठोन ओसरीवर आल्या, आणि वही हाती घेवोन हिशेब कोण्या रीतीने केला ते त्यांनी पुसले. साहेबांनी सांगितले की फौजेत किरकोळ रजा मोजतात त्याच रीतीने, म्हणजे रविवार धरायचा नाही.

“आवं, रविवारी काय ती वाऱ्यावर हुती? नऊ रविवार मटण केलं मी हिच्यासाठनं. दर डाव तुमच्या ताटातली नळी उचलून हिच्या ताटात घातलीसा, ती काय भुताला?”

साहेबांनी वहीत नऊ रविवार मांडिले. चोपन्न आणि नऊ मिळोन त्रेसष्ट, आणि वर्ष भरले. माफी मागणे फौजी नियमांत न सापडल्यामुळे त्यांनी मोटारसायकल पुसली, मग पुन्हा पुसली, आणि लेकीस म्हणाले, “बस माझ्यामागं. सांगली गाठायची हाय.” ती बसली. खांद्यावर हात मात्र निम्मी वाट सरल्यावर ठेविला.

सांगलीच्या टपालकचेरीत पाकीट बंद करण्याआधी फॉर्म पुनश्च उघडिला, तो त्यात दिवस पुसले होते ते केवळ अमेरिकेतील, आणि तेथे तीनशे दोन हा आकडा कन्येने बुधवारीच लिहिलेला होता. मग तीन वाजोन चाळीस मिनिटांनी पावती हाती आली, पावतीचा फोटो विश्वविद्यालयास गेला, सायंकाळी सहीचा होकार आला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली हे दप्तरी दाखल. ऋषिराजांनी मोहिमेच्या यशाबद्दल स्वतःचे अभिनंदन स्टेटसला ठेविले.

परंतु नाथाजीराव खिडकीवरोन हलेनात. सरकारात कागद दिला आणि पोच घेतली नाही, ऐसे त्यांच्या हयातीत घडले नव्हते. कारकुनाने सांगितले की अमेरिकेचा खजिना या कागदाची पोच देत नाही. साहेबांनी बाकड्यावर बैसोन खालील अर्ज लिहिला आणि दुसऱ्या पाकिटात घालोन रवाना केला:

प्रति, मा. खजिना अधिकारी साहेब, अमेरिका. विषय: पोच मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, माझ्या मुलीचे कागद मुदतीनंतर परंतु खरे दिलेले असून, सोबतच्या दुय्यम प्रतींवर आवक क्रमांक टाकून, गोल शिक्का मारून, प्रती आमचे ग्रामपंचायतीमार्फत पंधरा दिवसांचे आत परत मिळाव्यात. साहेब जाग्यावर नसल्यास शिपायाची सही चालेल.