मान न टाकणारी छत्री

स्टँड या विषयात माझा हात धरणारं माणूस अजून जन्माला यायचंय! चौतीस वर्षं नर्स होते मी. सलाइनचे स्टँड इतके ढकललेत, की नुसत्या चाकांच्या आवाजावरून कुठला स्टँड कुठल्या वॉर्डातून पळवून आणलाय ते सांगायचे. एकदा तर स्टँड कमी पडले, तेव्हा एकाच स्टँडला सहा बाटल्या टांगल्या. सहा पेशंट भोवती गोल बसले, पत्ते खेळले आणि बरे होऊन घरी गेले. आमचे हे म्हणतात, मागच्या वेळी सांगितलंस तेव्हा चार होते. असतील. पेशंट काय, वाढतातच.

म्हणून आमच्या नातीच्या फोटोच्या छत्रीने मान टाकली, तेव्हा मी म्हटलं, "थांब! हे माझं खातं आहे."

नातीला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणापासून स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत घरात आणायची खोड. पासपोर्ट फोटोच्या दुकानात तीन वर्षं "हनुवटी वर, हनुवटी खाली" करून तिची स्वतःचीच मान आखडली, तेव्हा तिने नोकरी सोडली आणि आमच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ थाटला. माझी खुर्ची भिंतीला लागली. टीव्ही आत गेला. यांचं शब्दकोडी सोडवायचं टेबल गेलं फोटोच्या वस्तू मांडायला. यांनी तक्रार केली नाही. कोडं मांडीवर घेतलं.

पहिलं मोठं काम आलं ते किटल्यांचं. एका कारखानदाराने स्टीलच्या तीन किटल्या आणून दिल्या आणि सांगितलं, "शुक्रवारी चारला येतो. फोटो पटले तर चाळीस वस्तूंचं सगळं कॅटलॉग तुझं." आणि नाही पटले तर? तर पासपोर्टवाल्याने हिची जागा अजून रिकामी ठेवली होती, आणि रोज सकाळी आठला "कधी येतेस?" असा मेसेज टाकत होता. रोज! माणूस आहे की गजर?

शुक्रवारी सकाळी दहाला मुंगी रडकुंडीला आली. आता फोटोला छत्री कशाला, हे आधी सांगते, कारण मलाही ते तिसऱ्यांदा कळलं. फ्लॅशचा उजेड असतो खडूस. तो पांढऱ्या छत्रीत मारला की मऊ होऊन परत येतो. ही छत्री आणि फ्लॅश दोघांना स्टँडवर धरून ठेवतं ते ब्रॅकेट. मुठीएवढा सांधा असतो. खालून स्टँडच्या टोकावर बसतो, वर फ्लॅश लागतो, आणि बाजूच्या तिरक्या भोकातून छत्रीची दांडी जाते. मधोमध तो वाकतो, म्हणजे उजेड हवा तिकडे वळवता येतो. मुंगीचं ब्रॅकेट प्लास्टिकचं होतं आणि ते न सांगताच वाकायला लागलं होतं. ती छत्री नीट करून कॅमेऱ्याशी जायची, की मागे छत्री हळूहळू खाली. जेवणानंतर भाषण ऐकायला बसलेल्या माणसासारखी!

"आजी, नवीन आणायला हवं," मुंगी म्हणाली. "पण मला या किटल्या पुसायच्यात. एकेक बोट दिसतं यांच्यावर."

"मी जाते ना!"

"तू?"

"चौतीस वर्षं..."

"हो, हो, माहितेय. नीट ऐक. छत्रीची दांडी त्यात बसते का बघ. फ्लॅश जिथे बसतो तिथे घट्ट राहतो का बघ. आणि हलकं घे. हलकं! आपला स्टँड नाजूक आहे."

पहिल्या दोन गोष्टी मी ऐकल्या. तिसरी पटली नाही.

जुनं ब्रॅकेट, छत्री आणि एक फ्लॅश पिशवीत घेऊन मी फोटोच्या सामानाच्या दुकानात गेले. वाटेत बटाटे आणि साबणही घेतले, कारण एका फेरीत एकच काम करणारी बाई मी नव्हे. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधत होता. मी तो खाली ओढून दिला. तिथून आमचं जमलं.

त्याने पहिलं दाखवलं ते प्लास्टिकचं. मी ते तिथल्या स्टँडवर लावायला सांगितलं आणि माझी पिशवी त्याला टांगली. ब्रॅकेटने लगेच लोटांगण घातलं.

"अहो आजी! पिशवी काय टांगताय?"

"पारख करते भाऊ. एका स्टँडला मी नऊ सलाइन टांगलेत."

"नऊ?"

"पत्ते खेळून बरे झाले सगळे. दुसरं दाखवा."

दुसरं होतं धातूचं, आतून दातेरी. पिशवी टांगली. थोडं कुरकुरलं, पण राहिलं.

"हे घ्या," तो म्हणाला. "फ्लॅश असतो पाव किलोचा, छत्री त्याहून हलकी. याला म्हातारपणापर्यंत काही होणार नाही."

"कुणाच्या म्हातारपणापर्यंत? माझं तर होऊन गेलं. याच्या वरचं काही?"

तो मागे गेला आणि दोन्ही हातांनी एक वस्तू घेऊन आला. काळी, लोखंडी, दरवाज्याच्या कडीएवढा दांडा असलेली. मोठ्या स्टुडिओतल्या बादलीएवढ्या दिव्यांसाठी असते म्हणे. वजन दोन किलो. मी पिशवी टांगली. ढिम्म! छत्री टांगली. ढिम्म! दुकानदाराचा डबा पिशवीत टाकला. ब्रॅकेटने पापणीसुद्धा हलवली नाही.

"हेच!"

"आजी, हे डोक्यावर ठेवलं तर स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी लागते. नाहीतर..."

"स्टँडला तीन पाय आहेत की. मला दोन आहेत, मी कधी पडले का?"

त्याने मान हलवून बिल फाडलं. मी जुनं प्लास्टिकचं ब्रॅकेट त्याच्या कचऱ्याच्या टोपलीत असं भिरकावलं, की टोपली गोल फिरली.

घरी मुंगीने पिशवीत हात घातला आणि तिचा खांदाच खाली गेला.

"आजी! हा काय जहाजाचा नांगर आहे?"

"मान टाकणार नाही. लिहून देते."

"मी हलकं सांगितलं होतं!"

"हलकं आणलं असतं तर हलकंच निघालं असतं."

"जुनं कुठंय? त्यानेच कसंतरी..."

"टाकलं."

मुंगीने डोळे मिटले आणि दहापर्यंत आकडे मोजले. ही सवय तिला तिच्या आईकडून आलीय आणि तिच्या आईला माझ्यामुळे.

पण मानलं पाहिजे! ब्रॅकेट चढवलं आणि छत्री जी उभी राहिली, ती सलामी द्यायला उभ्या असलेल्या शिपायासारखी. मुंगीने दोन किटल्या टिपल्या. छत्री केसभरही हलली नाही. मी खुर्चीत बसून विजयाचा चहा घेत होते. यांना मात्र उकडत होतं. आधीच दिव्यांची खोली, त्यात खिडक्यांना काळे पडदे. हे कोड्यातून मान वर न करता उठले आणि पंखा लावला. पूर्ण पाचवर.

आता बघा. जुन्या ब्रॅकेटवर वारा आला की छत्री मान फिरवायची आणि वाऱ्याला वाट द्यायची. घरातली जुनी माणसं देतात तशी. हे नवीन ब्रॅकेट मान फिरवणारं नव्हतंच! छत्री वाऱ्याने टम्म फुगली, ब्रॅकेट म्हणालं मी वाकणार नाही, आणि मग सगळाच्या सगळा स्टँड, छत्री, फ्लॅश, नांगर, न वाकता, अगदी ताठ मानेने टेबलावर आडवा झाला.

"धरा!" मी खुर्चीतून उठत ओरडले.

"आडवे चार, तीन अक्षरं?" हे म्हणाले.

फ्लॅश उडून माझ्या खुर्चीतल्या उशीवर पडला, म्हणून वाचला. छत्रीचंही काही बिघडलं नाही. पण स्टँडचा एक पाय वाकला. आणि तिसऱ्या किटलीच्या पोटात, बरोब्बर मधोमध, लिंबाएवढा पोचा!

पंखा तेवढा फिरत होता. तोही यांनी बंद केला.

"फिरवून ठेव," मी हळूच म्हटलं. "पोचा मागे जाईल."

"नाही जाणार. तिन्हींची तोटी डावीकडेच हवी असं त्यांनी बजावलंय. तोटी डावीकडे की पोचा कॅमेऱ्यासमोर." मुंगीचा आवाज इतका शांत होता, की मला भीती वाटली. तिने घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन. मग तिची नजर फोनवर गेली. मला कळलं, हिला तो आठ वाजताचा मेसेज दिसतोय.

मी नर्स आहे. बोलत बसायची वेळ आणि हातपाय हलवायची वेळ मला वेगळ्या कळतात. मी खाली बसले, लंगड्या स्टँडला मिठी मारली आणि म्हटलं, "मी धरते. तू काढ."

"आजी, तू किटलीत दिसतेस. स्टील म्हणजे आरसा."

"कशी दिसते?"

"रुंद."

"मग चादर टाक माझ्यावर! पांढरी टाक. पांढरं चालतं ना तुम्हाला?"

मुंगी थबकली. "चालतं," ती म्हणाली. "उलट... थांब हं."

तिने स्टँडवर दुसरा फ्लॅश चढवला, मला डोक्यापासून पायापर्यंत चादरीत गुंडाळलं आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. "आजी, दोन इंच डावीकडे."

मी स्टँडसकट सरकले.

"अजून. थोडी पुढे वाक. थोडी... आजी, पोचा जातोय! हलू नकोस! श्वास घेऊ नकोस!"

म्हणजे झालं असं, की चादरीचा पांढराशुभ्र पट्टा किटलीच्या पोटावर पडत होता, आणि मी योग्य जागी योग्य वाकले की तो बरोबर पोच्यावर यायचा. पोच्याचा मागमूस नाही! मी किती वेळ श्वास धरला म्हणाल, तर पाऊण तास. हे म्हणतात अर्धा मिनिट. यांच्याकडे घड्याळ नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. कारखानदार! दहा मिनिटं आधी!

यांनी दार उघडलं. "आत आहेत," एवढंच बोलून परत कोड्यात.

चादरीतून मला फक्त बूट दिसत होते. काळे, चकचकीत. ते माझ्यासमोर येऊन थांबले.

"हे काय आहे?"

"वाळूची पिशवी, सर," मुंगी म्हणाली. एक अक्षर अडखळली नाही. माझीच नात!

आणि पिशवी शिंकली. काय करणार? चादर कपाटातली होती, डांबरगोळ्यांत ठेवलेली.

बूट एक पाऊल मागे गेले. मग ते कॅमेऱ्याकडे वळले. कॅमेऱ्याची टिकटिक ऐकू येत होती. तो एकेक फोटो पुढे-मागे करून बघत होता.

"छान आहेत," तो म्हणाला. "तिसरा तर सगळ्यात छान. काय चमक आहे!" आणि त्याने हात पुढे करून तिसरी किटली उचलली.

आता मुंगी गप्प राहिली असती तरी चाललं असतं. त्याने फिरवली नसती, कदाचित. पण ती म्हणाली, "सर, त्या किटलीला पोचा..."

"माझ्यामुळे पडला!" मी चादर फेकून उभी राहिले. निदान उभं राहायचा विचार होता. गुडघ्यांनी ऐकलं नाही, म्हणून मी बसल्या बसल्याच कबुली दिली. "हिने हलकं सांगितलं होतं. मी जड आणलं. हिचा काडीचा दोष नाही. किटलीचे पैसे मी भरते. मी चौतीस वर्षं नर्स होते, एका स्टँडला बारा..."

"आजी," मुंगी म्हणाली.

माणूस एकदा पोच्याकडे बघत होता, एकदा कॅमेऱ्याकडे. परत पोच्याकडे. परत कॅमेऱ्याकडे.

"हा पोचा त्या फोटोत कुठाय?"

"आजीच्या चादरीमागे," मुंगी म्हणाली.

तो धपकन माझ्या खुर्चीत बसला. फ्लॅशवर. "माझ्या चाळीस नमुन्यांपैकी निम्म्यांना पोचे आलेत," तो म्हणाला. "ट्रक उलटला. आधीचा फोटोवाला म्हणाला, नवा माल पाठवा, मगच हात लावतो. नवे बनायला दोन महिने! तुम्हाला असं वीस वस्तूंना करता येईल?"

"येईल," मुंगी म्हणाली.

"उद्या पाठवतो. फक्त..." तो माझ्याकडे वळला, "या असतील ना? अशाच? चादरीत?"

अशा रीतीने मला सत्तराव्या वर्षी नोकरी लागली. किटल्या, भगुणी, पाण्याचे जग, सगळी मिळून वीस भांडी. रोज तीन तास. काम काय, तर जमिनीवर वाकून बसणे आणि न शिंकणे.

शनिवारी सकाळी आठला पासपोर्टवाल्याचा मेसेज आला. मुंगीने त्याला किटलीचा फोटो पाठवला आणि स्वतः ब्रॅकेट आणायला बाहेर पडली. वीस मिनिटांत परत. हातात तेच जुनं, प्लास्टिकचं.

"अगं, हे तर मी टाकलं होतं!"

"दुकानदाराने टोपलीतून काढून ठेवलं होतं. म्हणाला, यात बिघाड काहीच नाही. मधला स्क्रू सैल होता, नाण्याने अर्धा फेरा पिळला."

तिने स्टँडचा वाकलेला पाय ठोकून सरळ केला, ते वर चढवलं, छत्री लावली. छत्रीने मान टाकली नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर कधीच नाही.

"आजी," मुंगी म्हणाली, "चौतीस वर्षांत स्क्रू सैल आहे का, एवढं बघायचं सुचलं नाही तुला?"

मी म्हटलं, चहा गार होतोय, आणि आत गेले. आता तुम्हाला म्हणून सांगते, तिला सांगू नका. वॉर्डात सलाइन टांगायचे मी. स्क्रू पिळायला वॉर्डबॉय मामा होते.